डिव्हिलियर्स: फ्रान्समधून निघालेलं, केपमध्ये रुजलेलं एक आडनाव

रानजाई

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं आम्ही दक्षिण आफ्रिकेत पार्लला राहतो. केप टाउनपासून गाडीने तासाभराचं अंतर. सगळीकडे द्राक्षमळे, मागे डोंगर. माझ्या मुलाच्या वर्गात तीन डिव्हिलियर्स आहेत आणि तिघेही सांगतात की आमचं एकमेकांशी नातं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई डिव्हिलियर्स, कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक डिव्हिलियर्स. डॉक्टरीणबाई गोऱ्या, गॅरेजवाले काका सावळे. दोघांच्याही घरी अफ्रिकान्स, म्हणजे डचमधून घडलेली इथली भाषा, बोलतात. मला हे कोडं सुटेना, म्हणून वाचत गेले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

सुरुवात फ्रान्सची. १५९८ साली नांतच्या फर्मानाने तिथल्या प्रॉटेस्टंट लोकांना, म्हणजे ह्युगेनॉटांना, आपला धर्म पाळायची मुभा मिळाली होती. १६८५ च्या ऑक्टोबरमध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केलं. प्रार्थनामंदिरं पाडली, पाद्र्यांना देश सोडायला लावला, आणि सामान्य माणसाला मात्र देश सोडायची बंदी! तरी दोनेक लाख माणसं लपतछपत निसटली. हॉलंड, इंग्लंड, जर्मनी, जिथे थारा मिळेल तिथे.

डच ईस्ट इंडिया कंपनीला त्या वेळी केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या तिच्या वसाहतीत, गहू आणि दारू पिकवणारे हात हवे होते. बटावियाकडे (आताचं जकार्ता) जाणारी गलबतं तिथे थांबत, खलाशांना ताजं अन्न लागे. कंपनीने निर्वासितांना सांगितलं: प्रवास फुकट, कसता येईल तेवढी जमीन, अवजारं आणि बियाणं उधारीवर, पण कंपनीशी इमानाची शपथ घ्यायची आणि निदान पाच वर्षं राहायचं. 'फोरस्खोटेन' नावाचं गलबत १६८७ च्या शेवटच्या दिवशी निघालं आणि १६८८ च्या एप्रिलमध्ये केपच्या किनाऱ्याला लागलं. पुढच्या वर्षभरात आणखी काही गलबतं आली. सगळी मिळून माणसं दोनशेच्या आतबाहेर. एखाद्या मोठ्या लग्नाला याहून जास्त माणसं येतात!

६ मे १६८९ रोजी 'झिऑन' नावाचं गलबत लागलं. त्यावर तीन भाऊ होते: पिएर, अब्राहम आणि जाक डिव्हिलियर्स. घराणं ला रोशेलच्या बाजूचं. कंपनीच्या डेल्फ्टच्या कचेरीने त्यांच्याविषयी केपला आधीच पत्र धाडलं होतं. त्याचा मजकूर असा, की या भावांना द्राक्षमळा लावायची आणि सांभाळायची चांगली जाण आहे, त्यांना हातभार लावावा. एका ओळीच्या शिफारशीने एका घराण्याचं सव्वातीनशे वर्षांचं भवितव्य ठरलं, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

त्यांना जमिनी मिळाल्या त्या फ्रान्सहूकच्या खोऱ्यात. फ्रान्सहूक म्हणजे फ्रेंचांचा कोपरा. त्याआधी त्याचं नाव ओलिफांट्सहूक, हत्तींचा कोपरा. तिथे बूर्गोन्य, शॅम्पेन, ला ब्री अशी शेतं या भावांच्या नावावर होती, आणि ती नावं आजही पाट्यांवर आहेत. जुन्या शेताचं माप साधारण साठ मॉर्गन, म्हणजे सव्वाशे एकर.

पुढचं तुम्ही विचाराल तसं लिहीन. कुणाला या आडनावाविषयी, किंवा अशा दुसऱ्या आडनावांविषयी माहिती असेल तर जरूर भर घाला.

सरळ बॅट

रानजाईताई, धागा उघडला तो फक्त एबीसाठी, आणि वाचतच राहिलो. २५ ऑक्टोबर २०१५ ला मी वानखेडेवर होतो. दक्षिण आफ्रिका ४ बाद ४३८! डी कॉक १०९, ड्यू प्लेसी १३३, एबी ११९, तेही ६१ चेंडूंत. अकरा षटकार. आपण हरलो २१४ धावांनी, पण एबी बाद होऊन परत निघाला तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं. मीही उभा होतो आणि टाळ्या वाजवताना हात दुखेपर्यंत वाजवल्या.

त्याचं पूर्ण नाव अब्राहम बेंजामिन डिव्हिलियर्स. तुमच्या तीन भावांतही एक अब्राहम आहे. मग डी कॉक, ड्यू प्लेसी, डिव्हिलियर्स हे तिघेही ह्युगेनॉटच का? तिघांच्याही आडनावात 'डी' किंवा 'ड्यू' आहे.

शब्दवेल्हाळ

सरळ बॅट, फार चांगला प्रश्न विचारलात, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

डी कॉकचा 'डी' डच. डच भाषेत ते इंग्रजीतल्या 'द' सारखं उपपद आहे. कॉक म्हणजे स्वयंपाकी. तेव्हा क्विंटनचं आडनाव 'आचारी'. डी वेट, डी यागर (शिकारी) ही सगळी त्याच जातीची, डच.

डिव्हिलियर्समधला 'डी' फ्रेंच. तिथे त्याचा अर्थ 'चा', 'कडचा'. म्हणजे आपला 'कर'! व्हिलिये नावाची गावं फ्रान्समध्ये ठिकठिकाणी आहेत, आणि तो शब्द आला लॅटिनमधल्या वाडी-वस्तीच्या शब्दावरून. मोठ्या जमीनदाराच्या वाड्याभोवती वसलेली छोटी वस्ती. तेव्हा डिव्हिलियर्सचं मराठी करायचं तर मी बेधडक 'वाडीकर' म्हणेन. तळकोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल.

ड्यू प्लेसी म्हणजे कुंपण घातलेल्या जागेचा. ड्यू प्रे (मूळ दे प्रे) म्हणजे कुरणाचा. ल रू म्हणजे तांबड्या केसांचा, आपल्याकडचे तांबडे किंवा भुरे. मारे म्हणजे पाणथळ. सिलिये (मूळ सेलिये) म्हणजे कोठी, तळघर, आपले कोठावळे. सेनेकाल हा मूळचा सेनेशाल, सरदाराचा कारभारी, म्हणजे हुद्द्यावरून आलेलं आडनाव, जसे आपले कुलकर्णी-देशमुख. गाव, धंदा, हुद्दा, अंगकाठी: आडनावं पाडायच्या माणसाच्या तऱ्हा सगळीकडे त्याच.

आणि एक गंमत. डी क्लर्क हे आडनाव बघून कुणीही डच म्हणेल. पण राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांचं घराणं मूळचं फ्रेंच 'ल क्लेर्क'. उपपदासकट आडनावाचं भाषांतर झालं! म्हणून नुसत्या दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये.

निळा डोंगर

'डी' असलं की सरदार घराणं, असं आम्हाला शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या बाई सांगायच्या. मग हे तीन भाऊ सरदार होते का?

रानजाई

निळा डोंगर, नाही. सरदारांच्या नावात 'डी' असतो हे खरं, पण 'डी' असलेला प्रत्येक जण सरदार नसतो. चिपळूणकर म्हणजे चिपळूणचा इनामदार असं आपण म्हणतो का? चिपळूण सोडून दुसरीकडे गेलेला माणूस चिपळूणकर होतो. गावातच राहिला असता तर गावाचं नाव कशाला लागलं असतं? हे तिघे हातात कात्री घेऊन वेल छाटणारे लोक होते. कंपनीने त्यांना त्यासाठीच बोलावलं.

शब्दवेल्हाळ, 'वाडीकर' मी आजच गॅरेजवाल्या काकांना सांगितलं. अर्थ समजावल्यावर त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, "वाडिखर, वाडिखर." 'क' नीट जमला नाही, पण चेहरा फुलला होता.

खारे वारे

उच्चाराचं सांगा ना. आपल्याकडे समालोचक डिव्हिलियर्स म्हणतात. तिकडे?

रानजाई

अफ्रिकान्समध्ये 'व्ह' चा 'फ' होतो. आडनावाच्या शेवटचे र आणि स फ्रेंचमध्ये जसे गळतात तसे गळतात. तेव्हा साधारण 'डफिल्ये'. इंग्रजी बोलणारे लोक व्हिलियर्स असंही म्हणतात. मी आल्या आल्या शाळेच्या गेटपाशी "मिसेस डिव्हिलियर्स" अशी हाक मारली आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. डफिल्ये म्हटल्यावर दोघी एकदम वळल्या!

मला याचंच सर्वात नवल वाटतं. लिखाण फ्रेंच, तोंडातला फ डच वळणाचा, आणि बोलणारा माणूस ना फ्रेंच ना डच. आडनाव एखाद्या जुन्या भांड्यासारखं, कल्हई बदलत गेली पण घाट तोच.

बाकीच्या आडनावांचा तो घाटही राहिला नाही. व्हिलिऑनचं फिल्यून झालं (व्हिलजॉन असं आपण वाचतो ते). पिनारचं पिनार राहिलं पण लिखाण पार बदललं. क्रोनिये चं क्रॉन्ये, आपला हॅन्सी क्रोनिए त्यातलाच. मेनारचं मिनार, जुर्दांचं योर्दान, नेएलचं नेल. सिनेनटी शार्लीझ थेरनचा मूळपुरुष नीम गावचा जाक तेरों, आणि अफ्रिकान्समध्ये तिचं आडनाव म्हणतात 'त्रॉन'. क्रिकेटपटू मार्नस लाबुशेनचं तर विचारूच नका. त्याच्या जन्मभूमीत ते लाबुस्खाख्ने आहे, ऑस्ट्रेलियात गेल्यावर त्यातली घशातली अक्षरं गळून पडली.

डिव्हिलियर्सचं लिखाण मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. माझा अंदाज असा, की हे भाऊ एकत्र आले, शेजारी-शेजारी राहिले, आणि जमिनीच्या खरेदीखतांवर वारंवार सही करत राहिले. ज्याची सही कागदावर सारखी येते त्याच्या नावाचं लिखाण कारकुनाला सहज बदलता येत नाही.

कावेरीकाठ

आणि भाषा? फ्रेंच कुठे गेली? मी तंजावरच्या मराठी घरातली आहे. तीनशे वर्षं झाली तरी आमच्याकडे घरात मराठी आहे, तमिळ मिसळलेली का असेना. नावापुढे 'राव' आहे, पण गावाचं आडनाव बहुतेकांचं विसरलं गेलं. यांचं अगदी उलटं झालेलं दिसतं: आडनाव राहिलं, भाषा गेली.

रानजाई

कावेरीकाठ, तुम्ही एका वाक्यात जे लिहिलंत ते मला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

फ्रेंच आपोआप गेली नाही, घालवली गेली. गव्हर्नर सिमोन फान डेर स्टेल याने फ्रेंच कुटुंबांना एकगठ्ठा जमीन दिली नाही. मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या अध्येमध्ये वसवलं. त्यांचा पाद्री पिएर सिमों याने १६८९ मध्ये स्वतंत्र चर्चची मागणी केली तेव्हा गव्हर्नर भयंकर संतापला. चर्च शेवटी मिळालं, पण १७०१ मध्ये हुकूम आला की शाळेत फक्त डच शिकवायचं. १७०२ मध्ये सिमों परत गेला. त्यानंतर मुलांच्या कानावर फ्रेंच पडणार कुठून? घरातली आजी बोलायची तेवढीच. ती गेली की संपलं. दोन पिढ्यांत एक भाषा विझली. पिएरचा पीटर झाला, जाकचा याकोब.

आता याची दुसरी बाजू सांगते. आमच्या पार्लला एक जुनं घर आहे, गिडिऑन मालहर्बे यांचं. १४ ऑगस्ट १८७५ ला तिथे काही माणसं जमली आणि त्यांनी अफ्रिकान्ससाठी पहिली संस्था काढली. तोवर अफ्रिकान्स म्हणजे स्वयंपाकघरातली बोली, लिहायची भाषा डच. त्या चळवळीचा पुढारी एस. जे. ड्यू टॉय. मालहर्बे आणि ड्यू टॉय, दोन्ही ह्युगेनॉट आडनावं! ज्यांच्या खापरपणज्यांची भाषा शाळेतून काढून टाकली, त्यांचेच वंशज नव्या भाषेसाठी उभे राहिले. ते घर आता भाषेचं संग्रहालय आहे. मी तिथे लाकडी जिन्यापाशी बराच वेळ उभी होते.

दप्तरखाना

नमस्कार. मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम करतोय, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी पर्वणी आहे. एक विचारतो: इतक्या पिढ्यांची वंशावळ तिकडे कोणी लावली? साधनं कोणती?

रानजाई

दप्तरखाना काका, तुम्हाला हे वाचून आनंद होईल. वंशावळी लावणारा माणूस खुद्द डिव्हिलियर्सच! क्रिस्टोफेल कूत्सी डिव्हिलियर्स. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या धुंडाळून त्याने केपमधल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी जमवल्या. १८८७ मध्ये तो वारला, ऐन उमेदीत. काम कागदांतच राहिलं होतं. इतिहासकार जॉर्ज मॅकॉल थील याने ते हाती घेऊन १८९३-९४ मध्ये तीन खंडांत छापलं. पुढे १९६६ मध्ये सी. पामा याने दुरुस्त आवृत्ती काढली. म्हणून तिथली पद्धत 'डिव्हिलियर्स-पामा पद्धत' म्हणून ओळखली जाते.

पद्धत इतकी सुटसुटीत आहे की तुम्ही ती उचलावी असं मला वाटतं. मूळपुरुष म्हणजे 'अ'. त्याची मुलं 'ब', जन्माच्या क्रमाने ब१, ब२, ब३. नातवंडं 'क', पतवंडं 'ड'. आता एखाद्या माणसापुढे 'ब३क५ड२' असं लिहिलेलं असलं, तर तो मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या पाचव्या अपत्याचं दुसरं अपत्य. (मूळ अक्षरं रोमन, मी मराठीत लिहिली.) नुसता शिक्का बघितला की पिढी कळते, भावंडांतला क्रम कळतो. सारखीच नावं पुन्हा पुन्हा येणाऱ्या घराण्यात याच्यावाचून गत्यंतर नाही. कारण तिथेही पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. त्यामुळे अब्राहम, पीटर, याकोब हे शतकानुशतकं येतच राहतात.

दप्तरखाना

अतिशय उपयुक्त. आमच्याकडे पाच सदाशिव आणि सात विष्णू आहेत, कोण कुणाचा हे शोधताना डोळे जातात.

पण मला एक शंका आहे. तीन भाऊ आले. तिघांचाही वंश सारखाच पसरला का?

रानजाई

नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अब्राहमचं लग्न सुझान गार्दिओलशी झालं, जाकचं तिच्या बहिणीशी, मार्गरीतशी. अब्राहमचं रक्त मुलींमधून पुढे गेलं. आडनाव पुढे नेलं ते पिएर आणि जाक यांच्या मुलांनी. म्हणजे आज अब्राहमचे वंशज पार्लमध्ये असतील, भरपूर असतील, पण ते मारे असतील, ल रू असतील, कुणीही असतील. तिन्ही भाऊ एकाच गलबतातून उतरले, एकाच खोऱ्यात राबले. एकाचं नाव मात्र फक्त दुसऱ्यांच्या आडनावांत विरघळून गेलं.

पसरण्याचं मोठं कारण होतं वारसाहक्काचा कायदा. केपमध्ये रोमन-डच कायदा चालायचा. नवरा मेला की अर्धी मालमत्ता बायकोची, उरलेली मुलांमुलींत सारखी वाटायची. दहा-बारा मुलं असायची. सव्वाशे एकरांचे किती तुकडे पाडणार? मग एक जण बाकीच्यांचे हिस्से विकत घ्यायचा आणि इतर भाऊ बैलगाडी जुंपून पूर्वेकडे, उत्तरेकडे निघायचे. आत दूरवर कंपनी नाममात्र खंडाने चराऊ जमीन वापरायला द्यायची. तिथे गुरं पाळायची, मुलं वाढवायची, मग पुन्हा पुढे. १८३० नंतर हजारो बोअर, म्हणजे अफ्रिकान्स बोलणारी शेतकरी, कुटुंबं केप सोडून उत्तरेला गेली, तेव्हा ही आडनावं फ्री स्टेट आणि ट्रान्सवालपर्यंत पोचली. ह्युगेनॉट वंशाचा पीट रेतीफ त्या स्थलांतराचा पुढारी.

सरळ बॅट, हे क्रिकेटवरूनच पाहा. एबीचा जन्म वॉर्मबाथ्सचा, आताचं बेला-बेला, अगदी उत्तरेला. फॅनी डिव्हिलियर्स फेरीनिखिंगचा, वाल नदीवरचा. रग्बीचा माजी कर्णधार जाँ डिव्हिलियर्स मात्र इथलाच, पार्लचा.

सरळ बॅट

फॅनी! जानेवारी १९९४, सिडनी. ऑस्ट्रेलियाला ११७ धावा हव्या होत्या आणि याने दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेतले. पाच धावांनी जिंकले. माझे बाबा तो सामना आजही बोटांवर मोजून सांगतात.

ताई, घरी राहिलेल्या भावांचं काय झालं?

रानजाई

त्यांचं घर अजून उभं आहे. बोसखेंडाल. १७१५ मध्ये अब्राहमने ते शेत विकत घेतलं, दोन वर्षांनी ते जाककडे आलं, आणि मग १८७९ पर्यंत ते डिव्हिलियर्सांकडेच होतं. दीडशे वर्षांहून जास्त! आजचा वाडा पॉल डिव्हिलियर्सने बांधला. पांढराशुभ्र चुना, वर नक्षीदार त्रिकोणी कळस, आणि त्या कळसावर साल: १८१२. समोर ओकच्या झाडांची रांग. दुपारी त्या भिंतीवर ऊन पडतं तेव्हा डोळे दिपतात.

पुढे १८८६ मध्ये केपमध्ये फिलॉक्सेरा आला. द्राक्षवेलीच्या मुळांना लागणारी बारीक कीड. मळेच्या मळे उपटावे लागले. कितीतरी जुनी कुटुंबं बुडाली आणि सेसिल ऱ्होड्सने इथली शेतं विकत घेऊन फळबागा लावल्या. आमच्या नाशिकच्या मामांच्या द्राक्षबागेत डाऊनी रोग आला होता त्या वर्षीचे त्यांचे फोन मला आठवतात. द्राक्ष माणसाला वर नेतं आणि एका हंगामात खाली आणतं.

निळा डोंगर

ताई, पहिल्या पोस्टमधलं कोडं राहिलंच. डॉक्टरीणबाई गोऱ्या, गॅरेजवाले काका सावळे, आडनाव एकच. आणि ती जमीन रिकामी होती का?

रानजाई

ती जमीन रिकामी नव्हती. खोइखोइ लोक त्या खोऱ्यांमधून गुरं घेऊन ऋतूप्रमाणे फिरायचे. शेतांना कुंपणं पडली आणि त्यांच्या वाटा बंद झाल्या. बूर्गोन्य, शॅम्पेन या पाट्या देखण्या दिसतात, पण त्यांच्या खाली आधीची नावं पुसली गेली आहेत.

आणि हे मळे गुलामांनी कसले. कंपनीने गुलाम आणले मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्या हिंदुस्थानातून: बंगाल, मलबार, कोरोमंडल. त्यांच्या नावापुढे लिहायचे 'फान बेंगालेन', बंगालचा. किंवा ज्या महिन्यात आणला तो महिना. आजही इथे सप्टेंबर, फेब्रुवारी अशी आडनावं आहेत! १ डिसेंबर १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे राबवलं. सुटल्यावर कित्येकांकडे मालकाचंच आडनाव होतं. कधी बाप्तिस्म्याच्या वेळी चिकटलेलं, कधी बाप गोरा म्हणून आलेलं, पण वहीत बापाची जागा कोरी.

ही सरमिसळ दुसऱ्या बाजूनेही आहे. बंगालमधून गुलाम म्हणून आणलेली आन्सेला १६६६ मध्ये मुक्त झाली आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डुस बासोन या युरोपियन माणसाशी लग्न केलं. स्वतःला शुद्ध गोरं म्हणवणाऱ्या असंख्य घराण्यांच्या वंशावळीत ती आहे.

डिव्हिलियर्स आडनावाचे दोन पार्लकर सांगते. जॉन हेन्री डिव्हिलियर्स, जन्म १८४२, पुढे दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याचा पहिला सरन्यायाधीश, १९१० मध्ये. आणि पीटर डिव्हिलियर्स, जन्म १९५७, वर्णभेदाच्या कायद्यांनी ज्यांना 'कलर्ड' ठरवलं त्या समाजातला. २००८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा पहिला बिगरगोरा प्रशिक्षक झाला. एकच गाव, एकच आडनाव. या देशाच्या आजच्या राष्ट्रगीतातल्या अफ्रिकान्स ओळींची चालही एम. एल. डिव्हिलियर्स या पाद्र्याची, १९२१ मधली, आणि ती आता सगळे एकत्र उभे राहून गातात.

काकांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले, "वंशावळीच्या जाड पुस्तकात आम्ही नाही. पण शाळेच्या हजेरीत आम्ही त्यांच्याच शेजारी बसलो असतो, बसू दिलं असतं तर." मी त्यावर काही बोलू शकले नाही.

नगरी

ताई, फार मनापासून लिहिताय. माझ्याकडूनही थोडी भर. हा इतिहास आमच्या दारात आहे.

बोअर आणि इंग्रज यांच्यातल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रजांनी पकडलेले कैदी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात पाठवले. हिंदुस्थानात सुमारे नऊ हजार. त्यांच्या छावण्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या दोन: अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि सातारा. नगरला भुईकोट किल्ल्यात त्यांना ठेवलं होतं. त्याच किल्ल्यात पुढे १९४२ मध्ये नेहरू आणि इतर नेते होते, तेवढंच बहुतेकांना माहीत असतं.

३१ मे १९०२ ला तह झाला. घरी जायचं तर इंग्रज राजाशी इमानाची शपथ घ्या, अशी अट. काहींनी साफ नकार दिला. तह होऊन दीड वर्ष झालं तरी ते इथेच! शेवटी १९०३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचाच सेनापती जनरल द ला रे समजूत घालायला हिंदुस्थानात आला. माझे पणजोबा किल्ल्याजवळ दूध घालायचे. "दाढीवाले गोरे रविवारी मोठ्यानं भजन म्हणायचे," असं आजी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगायची.

रानजाई

नगरी, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. गंमत पाहा, ज्यांच्या पूर्वजांनी राजाचा धर्म नाकारून देश सोडला, ते दोनशे वर्षांनी नगरच्या किल्ल्यात दुसऱ्या राजाची शपथ नाकारत बसले होते. शपथ घेऊन घरी गेले तर जळालेलं शेत, आणि इंग्रजांनी तिकडे बायका-मुलांना डांबलेल्या छावण्यांत मेलेली माणसं.

कैद्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत. नाव, वय, राहायचं ठिकाण. इथले लोक वंशावळ लावताना त्या नोंदी हमखास बघतात. पार्लच्या मंडळींना मी 'अहमदनगर' म्हटलं की आता निदान एकाने तरी मान डोलवावी, असं वाटतंय. तुमच्या आजींनी सांगितलेलं जेवढं आठवतंय तेवढं कृपा करून लिहून ठेवा. भजनाचंसुद्धा.

नगरी

लिहितो. आत्या अजून आहे, तिला जास्त माहीत. रविवारी तिच्याकडे जातोय.

दप्तरखाना

रानजाई, अब्राहमची गोष्ट वाचून दोन रात्री झोप लागली नाही. आमच्या कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती काढून पाहिली. मुलाच्या नावाखाली रेघ पुढे जाते. मुलीच्या नावापुढे जावयाचं नाव, गाव, आणि रेघ तिथेच तुटते. १९३० च्या सुमाराची माझी एक चुलत आजी, नाव फक्त 'कु. द्वारका, सांगली येथे दिली'. बस.

काल सांगलीला फोन लावला. तीन ठिकाणी फिरून शेवटी तिच्या नातसुनेचा आवाज मिळाला. द्वारकाआजीला पाच मुलं होती. मी तुमच्या पद्धतीने कागदावर उतरवून घेतली: अ पासून मोजत ती आमच्या मूळपुरुषापासून सातवी पिढी. फोन ठेवेपर्यंत तेवीस नावं झाली होती आणि एकाचंही आडनाव आमचं नव्हतं. उद्या सकाळी पुन्हा फोन करायचाय, धाकट्या मुलीकडची बाकी आहेत.